तिठ्यावर पहिली वाट कोणाची?

कणकवली तालुक्यातल्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे वडील स्कूटरवरून बाजाराला निघाले होते. ते मोठ्या रस्त्याने सरळ जात होते. वाडीकडून येणारी जीप तिठ्यावर न थांबता रस्त्यावर चढली आणि स्कूटरला लागली. वडिलांची नडगी मोडली, सळी घालावी लागली. जीपवाल्याने पाचशे रुपयांची पावती फाडली आणि संध्याकाळी गाडी घेऊन तो घरी गेला. "दुसऱ्याची वाट असताना मध्ये घुसणाऱ्याला एवढीच शिक्षा? कायदा कडक व्हायला नको का?"

ताई, गेली चोवीस वर्षं मी ओरोसच्या कोर्टात मोटार अपघाताची कामं चालवतो. जखमींच्या बाजूने चालवली, गाडीवाल्यांच्या बाजूनेही चालवली. तुमचा राग मला कळतो. तरी आधी त्या पावतीचा हिशेब बघू, कारण "कडक करा" म्हणताना नेमकं काय कडक करायचं तेच बहुतेकांना माहीत नसतं.

पाचशे रुपये म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १७७. ज्या चुकीला दुसरं कलम सापडत नाही ती या पोत्यात टाकतात. पहिल्या वेळी ५०० पर्यंत, पुन्हा केली तर १,५०० पर्यंत. त्याला लागून २०१९ च्या दुरुस्तीत १७७ अ आलं: गाडी चालवण्याचे जे विनियम आहेत ते मोडले तर ५०० ते १,००० रुपये. दुरुस्तीच्या आधी कलम १७७ मध्ये पहिल्या वेळचा दंड १०० रुपये होता. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. म्हणजे दंड पाचपट झाला. दोन्ही दर मी एकाच कोर्टात बसून पाहिले, आणि तिठ्यावरची गाडी पूर्वी जेवढी थांबायची तेवढीच आजही थांबते. कारण साधं आहे. अपघात झाला नाही तर तिठ्यावर वाट न दिल्याची पावती कोणी फाडत नाही. हेल्मेट दिसतं, सीटबेल्ट दिसतो, नंबरप्लेट दिसते. "याने त्याला वाट दिली नाही" हे दिसायला तिथे उभं राहून दोन्हीकडे बघावं लागतं.

दुसरी गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. "वाट न देणे" या नावाचं कलम आपल्याकडे आहे, पण ते रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीसारख्या तातडीच्या वाहनांसाठी. १९४ ई. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. स्कूटरवरच्या तुमच्या वडिलांना वाट न देणं या गुन्ह्याला स्वतःचं नावच नाही. विनियमांत नियम आहे, पण त्याची शिक्षा त्याच १७७ आणि १७७ अ च्या पोत्यात.

आता तो नियम. पूर्वी १९८९ चे रस्त्याचे विनियम होते, २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. गाभा तोच. आतल्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील आणि पाटी काहीच नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चौकातल्या गोलाला वळसा घालत असलेल्या गाडीचा हक्क आधी. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यावर पाय टाकलेल्या माणसाचा हक्क आधी. आमच्या बार रूममध्ये मी एकदा सहज विचारलं, "पाटी नसलेल्या चौकात कोण आधी?" सात वकील होते. चौघांनी सांगितलं, "मोठी गाडी." ते थट्टा करत नव्हते.

कोकणात याला आणखी एक पीळ आहे. इथे मुख्य रस्ता कोणता, हे डांबराच्या रुंदीवर ठरत नाही. वाडीतल्या माणसाला विचारा. रस्ता त्याच्या आजोबांच्या जमिनीतून गेलेला असतो, गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मागे सरकवून दिलेला असतो, मोबदला अजून यायचा असतो. स्वतःच्या घरून बाहेर पडताना त्याने का थांबावं? पाहुण्याने थांबावं. असं कोणी कोर्टात बोलत नाही, पण गाडी तशीच बाहेर काढतो. मुंबई-पुण्याच्या गाड्यांना आपण नावं ठेवतो आणि गणपतीत तर ठेवायलाच हवीत. पण माझ्या कपाटातल्या तिठ्याच्या फायली मोजल्या तर आतून येणारा माणूस बहुतेक वेळा त्याच वाडीचा निघतो. मोठ्या जंक्शनला, म्हणजे हातखंब्याला रत्नागिरीचा रस्ता मिळतो तिथे, निवळी फाट्याला, कसालला मालवणचा रस्ता फुटतो तिथे, माणूस आपसूक सावध असतो. माझ्याकडे येतात ती बिननावाच्या तिठ्यांची कामं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, जो वर्षानुवर्षं मी सांगत आलो आहे आणि ज्याकडे कोणी लक्ष देत नाही.

कायद्यात कडक शिक्षा आहे. ती कलम १८४ मध्ये आहे, धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. २०१९ मध्ये या कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलं गेलं आणि त्यात सरळ यादी दिली: लाल सिग्नल तोडणं, स्टॉपची पाटी न मानणं, हातात मोबाईल धरून चालवणं, बेकायदा ओव्हरटेक, उलट्या दिशेने गाडी घालणं. यादीतली दुसरी ओळ पुन्हा वाचा. स्टॉपची पाटी न मानणं.

म्हणजे तुमच्या तिठ्यावर लाल अष्टकोनी पाटी असती, तर तो जीपवाला कलम १८४ मध्ये गेला असता. ते काम रस्त्यावर तडजोडीच्या पावतीने मिटत नाही. १८४ मध्ये ती सोय फक्त मोबाईलपुरती ठेवली आहे, बाकी सगळं कोर्टात. शिवाय १८४ असेल तर पोलीस लायसन्स जप्त करून ते निलंबनासाठी परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. आणि पाटी नसेल, किंवा नुसता "वाट द्या" सांगणारा उलटा त्रिकोण असेल, तर? तीच जीप, तोच वेग, तीच मोडलेली नडगी, आणि पावती पाचशेची. बेदरकारपणा वेगळा सिद्ध केला तर १८४ तेव्हाही लागू शकतं, पण ते सिद्ध करायला साक्षीदार लागतो, अंतर लागतं, वेग लागतो. अष्टकोनी पाटीला फक्त एवढंच सिद्ध करावं लागतं की गाडी थांबली नाही.

(आपल्याकडे "थांबा" लिहिलेली पाटी दिसली की माणसं एसटीची वाट बघत उभी राहतात. म्हणून पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा तिचा आकार महत्त्वाचा. अष्टकोन दुसऱ्या कुठल्याच पाटीला वापरत नाहीत, तो मागून बघितला तरी ओळखता येतो.)

तुमच्या तिठ्यावर कुठली पाटी आहे? तुम्ही फोटो पाठवला असता तर बरं झालं असतं. पण मी पैज लावतो, तिथे ग्रामसडक योजनेची पाटी असेल: रस्त्याचं नाव, लांबी, ठेकेदार, देखभालीचा काळ. त्रिकोण नसेल. असला तर घाणेरीच्या झुडपात असेल. आणि रस्त्यावर मारलेला पांढरा पट्टा दोन पावसाळ्यांत धुऊन गेला असेल.

एक जुनं काम सांगतो. मालवणकडची एक बाई मोपेडवर मासळीची टोपली घेऊन निघाली होती. सरळ रस्ता, सकाळची साडेसहा-पावणेसातची वेळ. डावीकडच्या आतल्या रस्त्यावरून कार आली. बाई रस्त्याच्या उजव्या बाजूला फेकली गेली, मोपेड तिच्याही पुढे. माझ्याकडे काम आलं तेव्हा मी पोलिसांनी काढलेला घटनास्थळाचा कच्चा नकाशा उघडला. वर उत्तरेचा बाण, दोन समांतर रेघा, त्यात दोन आयत, एकावर "मोपेड", दुसऱ्यावर "कार". मोपेड चुकीच्या बाजूला. आतला रस्ताच नाही! पाऊस सुरू झाला होता, नकाशा काढणारा तिठ्याकडे पाठ करून उभा होता, आणि जे समोर दिसलं ते त्याने काढलं. त्या एका न काढलेल्या रेघेमुळे विमा कंपनीचे वकील दोन वर्षं एकच वाक्य बोलत राहिले: समोरासमोर धडक, मोपेड उलट्या बाजूला, चूक निम्मी-निम्मी. निम्मी चूक म्हणजे निम्मी भरपाई. मी फोटोग्राफर घेऊन गेलो, ग्रामपंचायतीचा दाखला आणला, आणि कोपऱ्यावरच्या ग्रामसडक योजनेच्या पाटीचा फोटो कोर्टात लावला. रस्ता आहे हे सिद्ध करायला रस्त्याच्या ठेकेदाराची पाटी! शेवटी बाईची चूक वीस टक्के धरली गेली. वीस तरी का? कारण मुख्य रस्त्यावरच्यानेही तिठ्याजवळ वेग कमी करायचा असतो, हाही नियमच आहे. पहिली वाट आपली आहे म्हणून न बघता गाडी दामटता येत नाही. वडिलांच्या कामात हा प्रश्न नक्की येईल, त्यांना आधीच सांगून ठेवा. "मी बघितलंच नाही, माझा रस्ता सरळ होता" असं उत्तर त्यांनी दिलं तर दहा-वीस टक्के तिथेच गेले.

डिपरचंही, म्हणजे हेडलाइटच्या उघडझापेचंही, बोलू. दर तिसऱ्या उलटतपासणीत हा येतो. डंपरवाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभा.

"तुम्ही थांबलात का?"
"मी डिपर मारलंय, तो थांबाक नाय."
"डिपर मारला म्हणजे काय केलंत?"
"येतंय म्हणान सांगितलंय."

आणि स्कूटरवाला काय म्हणतो? "साहेब, त्याने डिपर दिला, मला वाटलं जा म्हणतोय." एकाच प्रकाशाचे दोन अर्थ. एकाला वाटतं, मी वाट मागितली. दुसऱ्याला वाटतं, मला वाट दिली. कायद्यात डिपरने हक्क मिळत नाही आणि सुटतही नाही. हॉर्नचंही तेच. "मी हॉर्न दिला होता" हा बचाव मी स्वतः गाडीवाल्यांच्या बाजूने केलेला आहे, आणि तो एकदाही टिकलेला नाही.

घाटाचा नियम मात्र आपल्या लोकांना पाठ आहे, निदान जुन्या ड्रायव्हरांना. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. यामागे शहाणपण आहे. भरलेली गाडी चढात एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे सरकते, क्लच जळतो, मागच्याच्या काळजात धडकी भरते. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक सोडायचा असतो. आंबोलीत, करूळात, फोंड्याच्या घाटात एसटीचे जुने ड्रायव्हर खालून चढणाऱ्याचे दिवे बघून वळणाच्या अलीकडेच थांबतात. आणि याच माणसांना मे महिन्यात गावातल्या घाटीवर, दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा असताना, वरून उतरणाऱ्या पाहुण्याच्या कारसाठी भरलेली एसटी मागे घ्यावी लागते, कारण कारवाल्याला रिव्हर्स येत नाही. यावर कोणी कधी पावती फाडलेली मी ऐकलेली नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. शिक्षा वाढवावी का? माझं मत: सरसकट दंड वाढवू नका. गुन्ह्याला नाव द्या, आणि माणूस जखमी झाला तर शिक्षेची पायरी चढवा.

न्यूयॉर्क शहराने २०१४ मध्ये असंच केलं. ज्याची वाट आहे अशा पादचाऱ्याला किंवा सायकलवाल्याला वाट न देता धडक दिली आणि तो जखमी झाला किंवा मेला, तर तो स्वतंत्र फौजदारी गुन्हा. शिक्षा ऐकून तुम्ही निराश व्हाल: ३० दिवसांपर्यंत कैद, २५० डॉलरपर्यंत दंड. पण शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट तिथे घडली. वाट कोणाची होती, हा प्रश्न पोलिसांना पहिल्या दिवशी विचारावा लागतो, कारण गुन्हाच त्यावर उभा आहे. चालकाने रास्त काळजी घेतली होती असं दिसलं तर तो सुटतो, तेही योग्यच. आपल्याकडे हाच प्रश्न दोन वर्षांनी, भरपाईच्या दाव्यात, विमा कंपनीचा वकील विचारतो. तोपर्यंत काचांचे तुकडे झाडून गेलेले असतात.

फार मोठी शिक्षा ठेवली तर काय होतं, तेही पाहिलं आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ ला दुसरं पोटकलम होतं: निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मारला आणि न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. ट्रकवाल्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे: थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षं. त्यांचा अर्धा मुद्दा खरा आहे. आमच्याकडे रात्री घाटात जखमीला उचलणारा पहिला माणूस बहुतेक वेळा त्याला उडवणाराच असतो, कारण दुसरं कोणी तिथे नसतं. तो पळाला तर पुढची गाडी कधी येईल ते देव जाणे. म्हणून थांबला, मदत केली, कळवलं, याचा शिक्षेत उघड फायदा मिळाला पाहिजे. नुसती वर्षं वाढवून तो थांबणार नाही.

आणि लायसन्स. माझ्या अनुभवात चालकाला पैशाची भीती नसते. भरपाई विमा कंपनी देते, दंड मालक देतो. तीन महिने गाडी चालवता येणार नाही म्हटलं की मात्र रात्री दहा वाजता फोन येतो, "वकीलसाहेब, काहीतरी करा." मिनीडोअरवर पोट असलेल्या माणसाचं लायसन्स कायमचं घेऊ नये, असं मलाही वाटतं. पण तिठ्यावर हाड मोडलं तर काही महिने ते घेतलं जायला हवं, आणि परत देताना त्याला खरोखर गाडी चालवून दाखवायला लावली पाहिजे.

तुमच्या वडिलांचं आता काय? पाचशेची पावती म्हणजे शेवट, असं कोणी सांगितलं असेल तर ऐकू नका. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत. त्यासाठी न्याय संहितेचं कलम १२५ (ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, आणि सोबत बेदरकार वाहन चालवण्याचं २८१. गुन्हा नोंदला आहे का ते पोलीस ठाण्यात जाऊन बघा, एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. नोंदला नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाहेर समजूत घालायला माणसं येतील, जीपवालाही गावातलाच असेल. खर्चाचे पैसे घेऊन "तक्रार नाही" असं लिहून देण्यापूर्वी एक लक्षात ठेवा: सळी काढायचं दुसरं ऑपरेशन पुढच्या वर्षी असतं आणि तेव्हा तो फोन उचलत नाही. भरपाईचा दावा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही लावता येतो. कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे विचारायला लाजू नका.

आणि नकाशा बघा. आजच. त्यात आतला रस्ता आहे का, तिठा आहे का, कुठली पाटी होती किंवा नव्हती हे लिहिलंय का. नसेल तर तुम्ही स्वतः फोटो काढा. जीपवाल्याच्या जागी बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, म्हणजे झुडूप, गडगा, वळण सगळं दिसेल. जवळ हॉटेल किंवा पेट्रोल पंप असेल तर तिथला सीसीटीव्ही काही दिवसांत पुसला जातो. तो जपून ठेवण्याचा अर्ज पोलिसांकडे करा आणि एक प्रत दुकानदाराला द्या.

पाटीसाठी वेगळा अर्ज. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर आपल्या जिल्ह्यात सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, राज्याचा किंवा जिल्ह्याचा असेल तर त्या खात्याच्या कार्यकारी अभियंत्याकडे, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीला. अर्जात "अपघात टाळण्यासाठी योग्य ती उपाययोजना" असं लिहू नका, त्याला "नोंद घेतली आहे" एवढंच उत्तर येतं. लिहा: आतल्या रस्त्याच्या तोंडाशी अष्टकोनी स्टॉपची पाटी, रस्त्यावर थांबण्याची रेघ, आणि झुडूप तोडणे. तीन वस्तू, तिन्ही मोजता येणाऱ्या.

मासळीवाल्या बाईच्या तिठ्यावर मी असाच अर्ज केला होता. पाटी लागायला चौदा महिने गेले, पण लागली. गेल्या गणपतीत तिकडून जात होतो तर पाटी दिसेना. तिच्यावर चाकरमान्यांच्या हार्दिक स्वागताचा बॅनर चारही टोकांनी बांधलेला. गाडी बाजूला घेतली आणि सोडवायला लागलो. नायलॉनची दोरी, पावसाने गाठ घट्ट झालेली, शेवटी गाडीतल्या चावीच्या टोकाने काढली. मी गाठीशी झटत असताना आतल्या रस्त्यावरून एक कार आली, मला बघून थांबली, आणि काच खाली करून विचारलं, "काका, पुढे रस्ता बंद आहे का?"